ड्रायव्हरला लागणारे फर्मवेअर आणि नोंदीची एक ओळ

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक कारखाना आहे. तिथे विणून आलेले कापड रोलवर गुंडाळण्यापूर्वी दोन कॅमेऱ्यांखालून जाते आणि तुटलेला धागा, ओढला गेलेला लूप किंवा तेलाचा डाग दिसला की कापडावरच्या त्या जागेची नोंद संगणकावर होते. हे कॅमेरे ज्या कार्डाला जोडलेले आहेत, त्या कार्डाचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मी लिहिला आहे. कार्डावर एक एफपीजीए, म्हणजे आतली रचना बाहेरून ठरवता येणारी, चिप आहे. वीज गेली की ती आपली सगळी रचना विसरते, त्यामुळे संगणक सुरू झाला की दर वेळी सुमारे तीन मेगाबाइटची एक फाइल ड्रायव्हरने तिच्या हाती द्यावी लागते. ही फाइल म्हणजे त्या कार्डाचे फर्मवेअर. ती मिळाली नाही तर कार्ड संगणकाला दिसते, पण काम काहीच करत नाही.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी सातच्या पाळीला कारखान्यातून अण्णांचा फोन आला. रात्री वीज गेली होती आणि पहाटे आली होती. "ताई, संगणक चालू झालाय, पण कॅमेरा येईना झालाय बघा. दोनदा बंद करून चालू केला, तरी तसंच," असे ते म्हणाले. मी तासाभरात तिथे पोहोचले. त्या दिवशी पुढचे पाच तास ज्या चुकीत गेले ती सर्वस्वी माझी होती, आणि ती चूक एका न लिहिलेल्या ओळीची होती: ड्रायव्हरला फर्मवेअरची कोणती फाइल लागते हे नोंदवणारी ओळ. त्या ओळीविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले मला कुठे सापडले नाही, म्हणून हा लेख.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये कारण स्पष्ट छापलेले होते: अमुक नावाचे फर्मवेअर थेट लोड करता आले नाही, त्रुटी क्रमांक -२. कर्नलच्या भाषेत -२ चा अर्थ "अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही" असा होतो. मी /लिब/फर्मवेअर या डिरेक्टरीत पाहिले, तर फाइल तिथेच होती. तिचा आकार बरोबर होता, वाचण्याची परवानगी बरोबर होती, नावातील एकही अक्षर इकडचे तिकडे झालेले नव्हते. मग मी ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता-काढता येणारा त्याचा तुकडा, हाताने काढून पुन्हा लोड केले, आणि दोन्ही कॅमेरे तत्काळ सुरू झाले. संगणक पुन्हा सुरू केला, तर कॅमेरे पुन्हा बंद. हाताने मॉड्यूल काढून घातले, की पुन्हा सुरू. जी फाइल डोळ्यांसमोर आहे तीच नाही असे कर्नल सांगत होता, आणि काही मिनिटांनी तीच फाइल त्याला विनातक्रार सापडत होती.

उलगडा झाला तो लॉगमधल्या ओळींच्या डाव्या बाजूला छापलेल्या वेळेमुळे. ड्रायव्हरने फाइल मागितली तेव्हा कर्नल सुरू होऊन २.१ सेकंद झाले होते. डिस्कवरची मूळ फाइलव्यवस्था जोडली गेल्याची ओळ मात्र ४.६ व्या सेकंदाची होती. म्हणजे ड्रायव्हर फाइल मागत होता त्या क्षणी मी पाहिलेली /लिब/फर्मवेअर डिरेक्टरी अस्तित्वातच नव्हती. तेव्हा कर्नलसमोर होती ती इनिट्रॅमएफएस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम मेमरीत उलगडली जाणारी छोटी, तात्पुरती फाइलव्यवस्था. मूळ डिस्क शोधून ती जोडण्यापुरते सामान तिच्यात बांधलेले असते. तिच्यातही /लिब/फर्मवेअर ही डिरेक्टरी होती, पण तिच्यात माझी फाइल नव्हती.

हे असे का झाले, तेही आठवले. दोन आठवड्यांपूर्वी कापड तपासणारा प्रोग्रॅम कार्ड तयार होण्याआधीच सुरू होत असल्याची तक्रार आली होती. त्यावर उपाय म्हणून मी माझ्या मॉड्यूलचे नाव इनिट्रॅमएफएसमध्ये घ्यायच्या मॉड्यूलांच्या यादीत टाकले होते, जेणेकरून ड्रायव्हर लवकर लोड व्हावा. इनिट्रॅमएफएस बांधणाऱ्या साधनाने माझे मॉड्यूल आत घेतले. त्या मॉड्यूलला आणखी एक फाइल लागते, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग मी ठेवला नव्हता. दोन आठवडे संगणक बंदच झाला नव्हता, त्यामुळे चूक दडून राहिली आणि वीज गेल्यावर बाहेर आली.

फाइल न मिळाल्यावर कर्नलने नंतर पुन्हा प्रयत्न का केला नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उपकरण ताब्यात घेऊन तयार करणाऱ्या ड्रायव्हरच्या प्रोब या फंक्शनने "आता नको, नंतर पुन्हा विचारा" या अर्थाची विशिष्ट त्रुटी परत केली तरच कर्नल ते उपकरण नंतरच्या फेरीसाठी राखून ठेवतो. फाइल नसल्याची त्रुटी त्या प्रकारात मोडत नाही. त्यामुळे प्रोब फसला, उपकरण ड्रायव्हरशिवाय राहिले, आणि मॉड्यूल मात्र मेमरीत लोड झालेले राहिले. पुढे मूळ फाइलव्यवस्था आल्यावर यूडेव्हने, म्हणजे उपकरणांसाठी मॉड्यूल लोड करवणाऱ्या प्रोग्रॅमने, उपकरणे पुन्हा चाळली तेव्हा त्याला ते मॉड्यूल आधीच लोड झालेले आढळले, म्हणून त्याने काही केले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एका मॉड्यूलला दुसरे मॉड्यूल लागत असेल तर ती नोंद कोणालाही हाताने करावी लागत नाही. माझ्या ड्रायव्हरने दुसऱ्या मॉड्यूलमधले एखादे फंक्शन वापरले, तर त्या फंक्शनचे नाव माझ्या मॉड्यूलच्या सिम्बॉल यादीत "अजून न सापडलेले" म्हणून उरते. कर्नल बांधला जाताना आणि नंतर डेपमॉड ही आज्ञा चालवताना ही नावे एकमेकांशी जुळवली जातात आणि अवलंबित्वाची यादी आपोआप तयार होते. फर्मवेअरची गोष्ट तशी नाही. ड्रायव्हर रिक्वेस्ट_फर्मवेअर या फंक्शनला जे नाव देतो, ती साधी अक्षरांची स्ट्रिंग असते. ती मॉड्यूलमध्ये कुठेतरी इतर शेकडो स्ट्रिंगांच्या गर्दीत पडलेली असते. पुष्कळदा तर ती तिथेही नसते, कारण चिपचा क्रमांक आणि आवृत्ती वाचून ड्रायव्हर ते नाव त्या वेळी जुळवून तयार करतो. अशा वेळी कोणत्याही साधनाने कितीही बारकाईने मॉड्यूल वाचले तरी त्याला कोणती फाइल लागेल, हे त्याला सांगता येणार नाही. ते फक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याने ते लिहून ठेवावे लागते.

माझे वडील पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारे कारागीर, होते. चादरीचे नवे डिझाइन मागावर चढवायचे असेल तर आदल्या संध्याकाळी ते मागाच्या खांबाला एक चिठ्ठी अडकवून येत: कोणते बीम, कोणत्या रंगाच्या किती कांड्या, आणि जकार्डवर, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेवर, कोणत्या क्रमांकाचा पत्त्यांचा संच. माग चालवणाऱ्याला डिझाइन माहीत असायचेच, त्यामुळे ती चिठ्ठी त्याच्यासाठी नसायची. पहाटे गोदाम उघडून सामान काढून देणाऱ्या माणसासाठी ती असायची, कारण त्याला डिझाइनमधले काहीच कळत नसे, पण चिठ्ठी वाचून तो सगळे सामान बरोबर आणून देत असे. पत्ते गोदामात राहिले तर माग धडधाकट असूनही पाळी वाया जाई. कर्नलमधल्या ज्या ओळीविषयी मी लिहीत आहे तिचे काम नेमके या चिठ्ठीचे आहे, आणि माझ्या ड्रायव्हरमध्ये तीच नव्हती.

ती ओळ म्हणजे मॉड्यूल_फर्मवेअर हा मॅक्रो, म्हणजे संकलनाच्या वेळी विस्तारला जाणारा एक संक्षेप. कंसात फाइलचे नाव, एवढेच तिचे स्वरूप. नाव /लिब/फर्मवेअरपासून पुढचे लिहायचे असते, पूर्ण मार्ग नव्हे. एका ड्रायव्हरला चार फाइली लागत असतील तर चार ओळी लिहायच्या. संकलन झाल्यावर हे नाव मॉड्यूलच्या फाइलमध्ये मॉडइन्फो नावाच्या विभागात, लेखक, परवाना आणि वर्णन यांच्या शेजारी, "फर्मवेअर=" असा शब्द आणि त्यापुढे नाव अशा स्वरूपात जाऊन बसते. मॉडइन्फो याच नावाची आज्ञा "-एफ फर्मवेअर" या पर्यायासह चालवली की मॉड्यूलने नोंदवलेली नावे ओळीने पडद्यावर येतात. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन वितरणांपैकी डेबियनचे इनिट्रॅमएफएस-टूल्स आणि फेडोराचे ड्रॅकट ही दोन्ही साधने हीच नोंद वाचतात आणि मॉड्यूल आत घेताना त्याच्या फर्मवेअरच्या फाइलीही आत घेतात.

या मॅक्रोविषयी एक गैरसमज मी अनेक नवशिक्यांकडून ऐकला आहे. ही ओळ लिहिल्याने फर्मवेअर लोड होत नाही. मॉड्यूल लोड करताना कर्नल तिच्याकडे पाहतही नाही. फाइल मागण्याचे काम रिक्वेस्ट_फर्मवेअरचेच राहते, आणि कर्नल ती ठरलेल्या क्रमाने शोधतो: फर्मवेअर_क्लासच्या पॅरामीटरमध्ये वेगळा मार्ग दिलेला असेल तर प्रथम तिथे, मग /लिब/फर्मवेअर/अपडेट्समध्ये कर्नलच्या आवृत्तीच्या नावाची डिरेक्टरी असेल तर तिच्यात, मग अपडेट्समध्ये, मग /लिब/फर्मवेअरखाली त्या आवृत्तीच्या डिरेक्टरीत, आणि शेवटी /लिब/फर्मवेअरमध्ये. मॅक्रो नसला तरी हा शोध तसाच होतो, आणि त्यामुळेच त्याचा अभाव लिहिणाऱ्याच्या टेबलावर कधीच जाणवत नाही. आपल्या संगणकावर आपण मॉड्यूल हाताने लोड करतो, डिस्क केव्हाच जोडलेली असते, फाइल सापडते, ड्रायव्हर चालतो. कंपायलर तक्रार करत नाही, कर्नल तक्रार करत नाही.

हा मॅक्रो कर्नलमध्ये २००६ साली, २.६.१९ या आवृत्तीत आला. त्या काळात कित्येक ड्रायव्हरांचे फर्मवेअर ड्रायव्हरच्या सी फाइलमध्येच हजारो आकड्यांच्या लांबलचक ॲरेच्या रूपात लिहिलेले असे. तसे असताना नोंदीची गरजच नव्हती, कारण सामान मागाबरोबरच येत होते. २००८ पासून हे ॲरे ड्रायव्हरांतून काढून कर्नलच्या स्रोतातल्या फर्मवेअर नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत हलवले जाऊ लागले, आणि २०१७ मध्ये ४.१४ या आवृत्तीत ती डिरेक्टरीही काढून टाकण्यात आली. आता बहुतेक फाइली लिनक्स-फर्मवेअर या स्वतंत्र भांडारात असतात. ज्यांचा स्रोत उपलब्ध नाही अशा फाइली जीपीएल, म्हणजे स्रोत खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या, परवान्याच्या कर्नलबरोबर असाव्यात की नाही, हा या वाटचालीमागचा मोठा वाद होता, आणि वेगळे करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र वेगळे केल्यावर ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्यात नावाखेरीज काही दुवा उरला नाही, म्हणून नावाची नोंद पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली.

डेबियन वापरणाऱ्यांनी या वेगळेपणाचा त्रास वर्षानुवर्षे सोसला. वायफाय चालावे म्हणून इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे, या पेचात सापडलेली कितीतरी माणसे मी पाहिली. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच देण्याचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात मिळू लागले.

सर्वसाधारण वापरकर्त्याची या ओळीशी गाठ पडते ती एका इशाऱ्यातून. कर्नल अद्ययावत करताना पडद्यावर "पॉसिबल मिसिंग फर्मवेअर" अशा ओळी येतात, कधी एकदोन, कधी तीसचाळीस, आणि माणूस घाबरतो. या ओळींचा अर्थ एवढाच असतो की अमुक मॉड्यूलने अमुक फाइलची नोंद केली आहे आणि ती फाइल या संगणकावर नाही. इथे लक्षात घ्यायचे ते हे, की नोंद मॉड्यूलची असते, तुमच्या संगणकातल्या चिपची नव्हे. रिअलटेकच्या नेटवर्क चिपांचा आर८१६९ हा एकच ड्रायव्हर अनेक पिढ्यांच्या चिपा चालवतो आणि त्या सगळ्यांच्या फाइली नोंदवतो. तुमची चिप त्यांपैकी एक असते, बाकीच्या फाइली तुमच्या संगणकाला कधीच लागणार नाहीत. म्हणून इशारा आला की प्रथम कर्नलचा लॉग पाहावा. तिथे -२ ची तक्रार असेल तर काळजीचे कारण आहे, नसेल तर बहुधा नाही.

याच ठिकाणी या व्यवस्थेची खरी उणीव आहे. कोणती फाइल अत्यावश्यक आहे आणि कोणती मिळाली तर बरे अशी आहे, हे सांगण्याची सोय मॅक्रोमध्ये नाही. फाइल मागताना हा फरक करता येतो. ४.१८ या आवृत्तीपासून फर्मवेअर_रिक्वेस्ट_नोवॉर्न हे फंक्शन आहे आणि ऐच्छिक फाइल न मिळाल्यास ते लॉगमध्ये ओरड करत नाही. नोंदीत मात्र सगळी नावे एकाच तोलाची. एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर शेकडो फाइली नोंदवतो. त्या सगळ्या इनिट्रॅमएफएसमध्ये शिरल्या की तिचा आकार फुगतो, आणि ज्यांनी जुन्या सवयीने /बूटसाठी, म्हणजे कर्नल आणि इनिट्रॅमएफएस ठेवण्याच्या जागेसाठी, छोटे विभाजन ठेवले आहे त्यांची जागा दोनतीन कर्नलांतच संपते. यावर काही जण नोंदी कमी कराव्यात असे म्हणतात. मला ते पटत नाही. जास्तीच्या नोंदीने जागा जाते आणि ती मोकळी करता येते. कमी नोंदीने संगणक नेमका अशा वेळी अडतो, जेव्हा पडद्यावर अजून काही दिसतही नसते.

इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरचे उदाहरण याहून नाजूक आहे. तो फर्मवेअरच्या आवृत्त्या वरून खाली क्रमाने मागत जातो. सर्वांत नवी मिळाली नाही तर तिच्या आधीची, तीही नाही तर तिच्या आधीची, आपल्याला चालेल अशा शेवटच्या आवृत्तीपर्यंत. नोंद मात्र प्रत्येक चिपसाठी सर्वांत नव्या आवृत्तीची असते. संगणकावरचे फर्मवेअरचे पॅकेज कर्नलपेक्षा जुने असेल, तर नोंदवलेली फाइल नसते आणि चालणारी फाइल असूनही नोंद वाचणाऱ्या साधनाला ती दिसत नाही. वायफाय इनिट्रॅमएफएसमध्ये क्वचितच लागते म्हणून हे सहसा कोणाला बाधत नाही.

माझ्या ड्रायव्हरकडे परत येते. त्या दिवशी ओळ घालून मॉड्यूल नव्याने बांधले आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधणारी अपडेट-इनिट्रॅमएफएस ही आज्ञा चालवली. एलएस-इनिट्रॅमएफएस या आज्ञेने आतल्या फाइलींची यादी काढली, तर माझी फाइल तिथे होती. पण घरी येऊन स्रोत पुन्हा वाचताना दिसले की एवढ्याने भागणार नव्हते. कार्डाच्या ए आणि बी अशा दोन आवृत्त्या आहेत. माझा ड्रायव्हर कार्डावरचा आवृत्तीचा रजिस्टर वाचून, त्यातले अक्षर नावात बसवून फाइल मागत होता, आणि मी घाईत नोंदवली होती ती फक्त ए आवृत्तीची फाइल. कारखान्यातले कार्ड ए आवृत्तीचे असल्याने सगळे सुरळीत दिसत होते. उद्या ते कार्ड बिघडून बी आवृत्तीचे बसवले असते तर अण्णांचा तसाच फोन पुन्हा आला असता.

म्हणून मी नाव जुळवण्याची ती पद्धत काढून टाकली. आता स्रोताच्या सुरुवातीला प्रत्येक फाइलचे पूर्ण नाव एका स्थिरांकात लिहिले आहे. कार्डाची आवृत्ती आणि तिची फाइल यांचा छोटा तक्ता त्याच स्थिरांकांपासून बनतो आणि मॉड्यूल_फर्मवेअरच्या ओळीही तेच स्थिरांक वापरतात. नाव बदलायचे झाले तर ते एकाच जागी बदलते, आणि मागणी एक व नोंद दुसरी असे होऊ शकत नाही. थोडे अधिक टंकलेखन करावे लागते, पण फाइलच्या नावाने स्रोतात शोध घेतला की ते सापडते, ही सोय नाव जुळवणाऱ्या कोडमध्ये कधीच नसते. शंभर प्रकारच्या चिपा सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला हे परवडत नाही हे मला मान्य आहे. तिथे काही ड्रायव्हर नोंदीत तारांकन वापरून नावांचा साचा देतात, जसे ब्रॉडकॉमच्या वायफायचा ब्रॉडकॉम एफमॅक ड्रायव्हर करतो, आणि साचा समजणारी साधने त्यात बसणाऱ्या फाइली उचलतात.

ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधला असेल तर हा पेच आणखी घट्ट होतो, कारण तो डिस्क जोडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अशा वेळी फाइल इनिट्रॅमएफएसमध्ये हवी किंवा कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर या पर्यायाने कर्नलच्या प्रतिमेतच घातलेली हवी. पूर्वी कर्नलमध्ये बांधलेल्या ड्रायव्हरांच्या नोंदी संकलनानंतर नाहीशा होत. २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून त्या मॉड्यूल्स.बिल्टइन.मॉडइन्फो या फाइलमध्ये जपल्या जातात.

कारखान्यात मी दुरुस्तीनंतर तीन वेळा मुख्य बटण बंद करून संगणक पूर्ण थंड होऊ दिला आणि पुन्हा सुरू केला. नुसते रीस्टार्ट पुरेसे नव्हते, कारण त्यात कार्डाची वीज जात नाही आणि एफपीजीएला आधीची रचना आठवत राहते. तिन्ही वेळा पडद्यावर कापडाची दोन राखाडी चित्रे आली. कार्ड पुरवणाऱ्याने आता सी आवृत्ती येणार असल्याचे कळवले आहे. तिच्या फर्मवेअरची फाइल अजून माझ्या हाती आलेली नाही, पण ठरलेले नाव मी तक्त्यात आणि नोंदीत आत्ताच घातले आहे. त्यामुळे सध्या तिथे इनिट्रॅमएफएस बांधताना दर वेळी पडद्यावर इशाऱ्याची एक ओळ येते. ती कशाबद्दल आहे हे मी अण्णांना समजावून सांगितले आहे, आणि फाइल येईपर्यंत ती तशीच राहू देणार आहे.